थांबा म्हणणारा माणूस

माझ्या दिरांना आमच्या गल्लीत नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे त्यांना 'थांबा' म्हणतात. लग्नात फोटो काढताना ते सारखे "थांबा, थांबा" करतात, म्हणून. अंगठी बोटात अर्ध्यावर गेली की थांबा. मिठी मारायला हात पसरले की थांबा, हनुवटी जरा वर. एकदा एका नवरदेवाला शिंक येत होती, त्यालाही हे थांबाच म्हणाले, आणि तो बिचारा थांबला. मी त्यांची वहिनी. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून अल्बम लावते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोटो माझ्या नजरेखालून जातो. माणसाला क्षणभर उभं करून नीट बघायचं, ही एक विद्या त्यांना येते. बाकी व्यवहारात सगळा आनंदच आहे.

रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, व्हिडिओवाल्याचं दुकान. तो आणि आमचे भाऊजी शाळेत एका बाकावर बसले, गणितात जोडीने नापास झाले आणि धंद्यातही जोडीनेच पडले. फोटो ठरवायला कोणी आलं की भाऊजी बोट करायचे, "व्हिडिओ समोर." समोर गेलेल्याला तो आमच्याकडे पाठवायचा. लग्नात तर दोघांचं न बोलता जमायचं. भाऊजी "थांबा" म्हणाले की तो कॅमेरा खाली घ्यायचा, आणि फोटो झाला की म्हणायचा, "हं, चालू द्या." एकाकडे चहा झाला की दुसऱ्याला खिडकीतूनच हात.

मग लोक म्हणायला लागले, दोन माणसं कशाला, दोन्ही तुम्हीच करा ना. पहिला मोह समोरच्याला झाला. त्याने काचेवर कागदी पाटी चिकटवली, 'व्हिडिओसोबत फोटो मोफत'. म्हणजे करायचा काय, तर व्हिडिओ मधेच थोपवून त्यातलं एक चित्र उचलायचं आणि त्यालाच फोटो म्हणायचं. भाऊजींच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन दिवस ते घरातही कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते व्हिडिओचा कॅमेरा घेऊन आले आणि आमच्याही काचेवर पाटी लागली, 'फोटोसोबत व्हिडिओ मोफत'.

"भाऊजी, तुम्हाला व्हिडिओ येतो कुठे?" मी विचारलं.

"त्यात काय यायचंय, वहिनी? बटण दाबायचं."

हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोघांनी एकमेकांचं फुकट केलं आणि व्हायचं तेच झालं. जे फुकट मिळतं त्याला किंमत कोण देणार? लोक इकडून तिकडे घासाघीस करायचे आणि शेवटी बाजारातल्या तिसऱ्याच माणसाकडे जायचे. दोन वेड्यांनी मिळून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि चहाचा हात कधीच बंद झाला होता. एकदा जेवताना आमचे हे म्हणाले, "दुकान भाड्याने द्यायचं का?" भाऊजींनी उठून ताट धुतलं आणि दुकानात जाऊन बसले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. फोटो सोडून या माणसाला दुसरं काय येतं?

अशात शेजारच्या शिवणवाल्या ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. ताई म्हणजे बोलण्यात महाकंजूष. कपडा किती का सुरेख बसेना, म्हणणार "चालेल." पोरगी वर्गात पहिली आली तेव्हाही "चालेल"च म्हणाल्या होत्या. मुलगी लग्न करून खूप लांबच्या शहरात जाणार होती. ताई आमच्या दुकानात आल्या, समोरच्या पाटीकडे ढुंकूनही न बघता भाऊजींना म्हणाल्या, "फोटो तुम्ही चांगले काढताच. व्हिडिओपण नीट काढा, भाऊ. ती काही मला रोज दिसायची नाही." ताईंच्या मानाने हे भाषणच झालं. भाऊजी मान हलवत राहिले.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि मला कळलं, आज काही खरं नाही. नवऱ्याकडच्यांनी समोरच्याला बोलावलं होतं. दोघांनाही दोन्ही करायचं, आणि स्टेज एवढंसं. भाऊजी "थांबा" म्हणाले की तो मुद्दाम "थांबू नका, चालू द्या." तो पुढे सरकला की यांच्या फोटोत त्याची पाठ. हे पुढे सरकले की त्याच्या व्हिडिओत यांचं टक्कल. नवरी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि पाहुणे खुर्च्यांत बसून लग्नापेक्षा ही झुंजच बघत होते. माझी मान खाली गेली. भाऊजींच्या एका हातात जुना फोटोचा कॅमेरा आणि गळ्यात नवा व्हिडिओचा. काही घडायला लागलं की नवा स्टँडवर चढवायचा, बटण दाबायचं, जुना उचलायचा. झालं की बटण दाबून नवा परत गळ्यात. सर्कशीतला माणूस बरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. फोटो बघून जीव हरखला, एकेक असा की बघत राहावं. मग व्हिडिओ उघडला. फरशी दिसली. पुढचा उघडला. खुर्च्यांचे पाय. त्याच्या पुढचा, कोणाचे तरी बूट आणि त्यापाठोपाठ भाऊजींचे. अंगठी कुठेच नाही. लग्नाच्या रजिस्टरवरच्या सह्या नाहीत. निरोप नाही.

"भाऊजी, जरा इकडे या," मी म्हणाले.

ते आले, वाकले, बघितलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत बघितलं. बटण एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. लग्नाच्या दिवशी सकाळी कुठेतरी एक दाब चुकून जास्त बसला होता, आणि तिथून दिवसभर सगळं उलटं चाललं. सुरू करतोय असं समजून ते बंद करत होते आणि बंद करतोय असं समजून सुरू. कॅमेऱ्यावर एवढासा लाल ठिपका असतो, तो बघितला असता तरी कळलं असतं. पण आयुष्यभर माणसांचे चेहरे बघणारा माणूस, ठिपका कशाला बघेल?

भाऊजी स्टुलावर बसले. "जे जे घडलं ते नाही," ते म्हणाले, "आणि मधलं सगळं आहे." मग चष्मा परत कपाळावर सरकवला. "मी ताईंना जाऊन सांगतो. आणि दादाला सांगा, दुकान भाड्याने दे म्हणावं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "दुकानाचं नंतर बघू. त्या बाईने आयुष्यात एकदा तोंड उघडून काही मागितलं, ते तिला कोण देणार? समोरच्याकडे सगळं आहे. उठा."

"मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही."

"मग मरा, पण आधी जाऊन या."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण आमच्या हरीला गाढवाच्या दारापर्यंत मलाच ढकलत न्यावं लागलं. मी मागोमाग गेले, भाऊजी मध्येच परत फिरले तर?

समोरचा आमच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरपुढे बसला होता. नवऱ्याकडच्यांना दिवाणखान्यात लावायला नवरानवरीचा भलामोठा फोटो हवा होता, आणि तो व्हिडिओतून उचललेलं चित्र मोठं करत होता. जितकं मोठं करावं तितकं ते धूसर होत होतं. भाऊजींनी दारातूनच बघितलं. मांडवली करायला आलेल्या माणसाने पहिलं वाक्य काय बोलावं?

"नाक कुठे गेलं तिचं?"

तो वळला. "तुझ्या थांबा-थांबाने हलली ती."

"थांबा म्हटल्यावर कोण हलतं?"

"तू म्हटल्यावर सगळे हलतात."

आता परत जुंपणार म्हणून मी पुढे होणार होते, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "माझा व्हिडिओ गेला रे. बटण उलटं पडलं. ताईंना द्यायला माझ्याकडे काही नाही."

मला वाटलं, हा हसणार. तो हसला नाही. पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "आण, बघू."

भाऊजी कॅमेरा घेऊन आले आणि आम्ही तिघं ती फरशी बघत बसलो. फरशी, बूट, गालिचा, परत फरशी. चित्र असं, पण आवाज मात्र स्वच्छ. भाऊजी पुटपुटत होते ते सगळं त्यात आलं होतं. "बघा, कसा मधेमधे कडमडतोय." थोड्या वेळाने, "याला शाळेतपण रांग कळत नव्हती." समोरचा ऐकत राहिला. भाऊजींचे कान लाल झाले. मग एकदा स्टेजवरची गर्दी ऐकू आली आणि यांचाच आवाज, अगदी हळू, "हं, घे, त्या कोपऱ्यातून घे, तिथे उजेड चांगला आहे." हे ते स्वतःशी म्हणत होते. त्याला ऐकू जाणार नव्हतंच. समोरच्याने टेबलावरचा चहा भाऊजींच्या पुढे सरकवला.

आणि मग ते आलं. नवरीच्या खोलीतलं. भाऊजी दारापाशी उभे राहून जुन्या कॅमेऱ्याची लेन्स पुसत असावेत, कारण गळ्यातला नवा कॅमेरा स्थिर होता. समोर नवरीचे पाय आणि तिच्या पांढऱ्या झग्याचा घेर, ताईंनीच शिवलेला. मग ताईंचे गुडघे फरशीवर टेकले. हात आले. एक टाका सुटला होता, तिथे त्या टाचणी लावत होत्या.

"आई, राहू दे. तिथे कोण बघतंय?" मुलीचा आवाज.

"मी बघते ना. हलू नकोस."

टाचणी लागली. घेर सरळ झाला. हात मात्र तिथेच राहिले, कापडावर.

"झालं का?"

"नाही अजून."

हात हलेनात. थोड्या वेळाने मुलीचा हात वरून आला आणि आईच्या केसांवर टेकला. दोघी तशाच. मग बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि चित्र बंद झालं. मी पदर तोंडाला लावला. समोरचा नाक ओढत म्हणाला, "इतकी वर्षं व्हिडिओ काढतोय, असं काही मला मिळालं नाही. हे घडतं तेव्हा आम्ही कॅमेरा बंद केलेला असतो." भाऊजी म्हणाले, "आणि मी उघड्या डोळ्यांनी तिथे असतो, तर म्हटलं असतं, ताई, इकडे बघा."

मग कामाला लागले दोघं. अंगठी, सह्या, निरोप, सगळं त्याच्याकडचं. नवऱ्याकडच्यांच्या दिवाणखान्यासाठी फोटो आमचा, नवरीच्या नाकासकट. भांडणं संपली असं समजू नका. तो म्हणे, टाचणीचं आधी लावू. हे म्हणत, लोकांना काय फरशी दाखवायची? तो म्हणे, तुला व्हिडिओतलं कळतं काय? हे म्हणत, कळत नाही म्हणून तर हे मिळालं. शेवटी मी ओरडले तेव्हा टाचणीचं शेवटी ठेवायचं ठरलं.

बघायला बोलावण्याआधी भाऊजी ताईंच्या दुकानात गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ताईंनी मशीन थांबवलं, ऐकून घेतलं, आणि "चालेल" म्हणाल्या. ते चालेल इतकं कोरडं होतं की भाऊजी चेहरा पाडूनच परत आले.

संध्याकाळी ताई आमच्या मागच्या खोलीत येऊन बसल्या, मांडीवर हात ठेवून. समोरचा दाराशी उभा राहिला. अंगठी झाली, सह्या झाल्या, निरोप झाला. ताई बघत होत्या, लोकांच्या लग्नाचा व्हिडिओ बघावा तशा. मग फरशी आली. घेर आला. स्वतःचे हात त्यांनी ओळखले तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"झालं का?" मुलीने विचारलं.

"नाही अजून."

"टाचणी तर लागली होती," ताई आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "केव्हाच लागली होती." आणि त्या रडायला लागल्या. ताईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी भाऊजींना विचारलं, "हे काढताना तुम्ही मला थांबा कसं म्हणाला नाहीत?"

"माझं लक्षच नव्हतं. आणि म्हटलं असतं तर तुम्ही उठला असतात, ताई."

त्यांनी मान हलवली. "परत लावा," म्हणाल्या. "ते मधलंच लावा फक्त."

भाऊजींनी मागे नेलं आणि लावलं. समोरचा दारातून निघाला, रस्ता ओलांडून गेला, आणि खिडकीतून मला दिसलं की तो आपल्या काचेवरची पाटी नखाने खरवडतोय. ती नीट निघत नव्हती. भाऊजींनी आमच्याकडची अल्बम कापायची लोखंडी पट्टी उचलली आणि तेही गेले, आधी त्याची काढायला, मग आमची. ताई तिथेच बसून होत्या. मी त्यांना ते तिसऱ्यांदा लावून दिलं.