एकाच पत्त्यावरची दोन पत्रं

फोन आला तेव्हा मी पुढाऱ्याच्या आवाजात होतो. म्हणजे गावी, वर्ध्याकडे, चुलतभावाच्या साखरपुड्यात, पाहुण्यांना नकला करून दाखवत होतो. स्क्रीनवर पुण्यातल्या शेजारच्या जोशीकाकांचं नाव दिसलं, म्हणून त्याच भारदस्त आवाजात म्हटलं, "बोला, आपल्याच सेवेत आहे." पलीकडून काका म्हणाले, "अरे, लेलेकाकू गेल्या. सकाळी, चहा घेता घेता." मी त्याच आवाजात "हो का" म्हणालो... आवाज बदलायचं सुचलंच नाही.

कसबा पेठेत लेलेकाकूंच्या फ्लॅटमधली एक खोली माझी होती. काकू विमा कंपनीतून रिटायर झालेल्या, एकट्याच. पहिल्या दिवशी मी खालून फोन केला, "काकू, मी येऊन राहिलो." त्या म्हणाल्या, "येतोयस की राहतोयस, एक काय ते ठरव." आठवड्याभरात मी त्यांचीच नक्कल त्यांच्यासमोर केली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरी जमलीय. फक्त मी इतकी गोड नाहीये."

त्या दिवसांत टीव्हीवर रोज एकच भांडण. लोकसभा, विधानसभा, सगळ्या निवडणुका पाच वर्षांतून एकदाच, एकदम घ्यायच्या, असं दिल्लीत घाटत होतं. निम्मा देश टाळ्या वाजवत होता, निम्मा चिडलेला. माझे पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. निवडणूक आली की त्यांना ड्युटी, वर्गाला कुलूप. म्हणून जेवताना मी म्हटलं, "बरंच आहे की काकू, एकदाच काय ते उरकून टाकायचं." काकूंनी ताट बाजूला सारलं. "उरकून? मत म्हणजे काय बारसं आहे? मधल्या निवडणुकीत दणका बसला की निदान यांना कळतं तरी, लोक चिडलेत. आता काय, पाच वर्षं तोंड मिटून बसू? ऐंशीला टेकलेय मी. पुढच्या वेळी विचारायला येतील तेव्हा मी असेन का?" आणि मी अतिशहाणा म्हणालो, "मग तुमच्या एकटीसाठी देशानं थांबायचं का?"

दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. मला वाटलं, गेली खोली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर जेवायच्या टेबलावर कोरे कागद आणि दोन पेनं. "बस. माझ्याशी भांडून काय मिळणार? मी कायदे करत नाही. खासदाराला लिही."

"पण काकू, मी तर तुमच्या विरुद्ध आहे."

"मग विरुद्ध लिही. हात मोडलाय का?"

लिहिलं. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या पत्रावर अशी काट मारली की विचारू नका. "वडिलांच्या शाळेचं ठेव, तेवढंच तुझं आहे. बाकीचं मोबाईलवरनं उचललंयस. आणि ही ओळ म्हणजे शिवी आहे, काढ." पत्र अर्धं झालं आणि दुप्पट जोरकस. मी म्हटलं, "काकू, तुम्ही तर मलाच जिंकवून राहिल्या." त्या म्हणाल्या, "हरायचंच असेल तर धड लिहिलेल्या पत्राकडून हरेन." त्यांच्या स्वतःच्या पत्रात मात्र एकच प्रश्न होता... मधेच तुम्ही चुकलात, तर मी ते तुम्हाला कधी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दोघं चालत खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं दोन्ही पाकिटं उघडून चाळली. "मावशी, एकाच पत्त्यावरनं दोन, आणि तीही उलटसुलट? आधी घरात एकमत करून या ना."

"एकमत असतं तर तुम्हाला निवडून कशाला दिलं असतं?" काकू म्हणाल्या. "शिक्का मारा."

येताना मी त्या माणसाचा चेहरा करून दाखवत होतो आणि काकू तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून, डोळ्याला पदर लावून हसत होत्या.

उत्तरं आली. दोघांना, शब्दन्‌शब्द तीच. 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.' काकूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "घे, झालं आपलं एकमत." मी हसलो. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "प्रश्नाचं उत्तर नाही दिलं रे त्यांनी." नंतरही अधूनमधून त्या लिहीत राहिल्या, तोच प्रश्न. आणि दर वेळी मलाही बसवायच्या, "तूही लिही. एकटीचंच वाचतील तर फसतील बिचारे."

काकूंना जाऊन महिना होऊन गेला. त्यांची भाची म्हणाली, दुसरी जागा मिळेपर्यंत राहा. परवा रविवारी त्याच टेबलाशी पत्र लिहायला बसलो. विषय अजून संपलेला नाही, माझं मतही बदललेलं नाही, पप्पांची ड्युटीही सुटलेली नाही. शाळेचं लिहिलं. मग नुसतंच लिहीत सुटलो... काटणारं कुणी नाही ना. शेवटी माझं मीच अर्धं पान काटलं. जी जागा उरली तिथं लिहिलं, 'आमच्या घरातून आणखी एक प्रश्न आहे. माझा नाही, पण उत्तर मलाही हवं आहे.' आणि खाली काकूंचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. सही माझी.

सोमवारी कार्यालयात तोच माणूस. त्यानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "आज एकच? झालं वाटतं घरात एकमत?"

"नाही हो," मी म्हटलं. "दोन्ही आतच आहेत."