दोघांनी वाट बघितली तर

लोकरीच्या दुकानात बिनवायरीचा वजनकाटा आला. लोकरीचा गुंडा काट्यावर ठेवला की वजन आपोआप कॉम्प्युटरवर उमटायला हवं होतं. थोरल्या जावेने ब्लूटूथ लावलं, 'जोडले' अशी पाटीही आली. पण वजनाची चौकट रिकामी ती रिकामीच.

मागे धाकटी जाऊ गुंडे रंगांप्रमाणे लावत होती. तिला कॉम्प्युटरमधलं चांगलं कळायचं, पण दोघींचा अबोला होता. "तुला रंगांतलं काय कळतं?" असं थोरली गिऱ्हाइकासमोर फाडकन बोलली होती. तेव्हापासून धाकटीने तोंड मिटलं आणि पहिल्या तारखेपासून दुसरीकडे नोकरी धरायचं ठरवलं. दोघींनी उभं केलेलं दुकान एकटीला ओढवणार नव्हतं, हे थोरलीला कळत होतं. पण आपण होऊन बोलायचं म्हणजे अंगावर काटा!

शेवटी तिने काटेवाल्याला फोन लावला.

"बाई, कॉम्प्युटरवर जोडणीसाठी पोर्ट कुठला निवडलात?"

"दोन होते, येणारा आणि जाणारा. वजन काट्याकडून येतं, म्हणून येणारा घेतला."

"तिथेच सगळे फसतात. येणं-जाणं वजनाचं नाही हो, पहिली हाक कोण मारणार त्याचं आहे. येणारा घेतला की कॉम्प्युटर कान देऊन बसतो. तुमचा काटा काही आपणहून हाक मारत नाही."

"म्हणजे दोघंही वाट बघत बसलेत?"

"जन्मभर बसतील. जाणारा घ्या. एकदा जुळलं की बोलणं दोन्हीकडून होतं."

थोरलीने पोर्ट बदलला. चौकटीत आकडा उमटला. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग मान न वळवताच म्हणाली, "अगं, इकडे ये जरा."

"कोणाला म्हणताय?"

"तिसरं कोण आहे इथे? त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोलले, ते चुकलं माझं."

धाकटी हातातला गुंडा घेऊनच आली. "ताई, तुम्ही येणारा निवडलाय हे मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले."

थोरली चिडणार होती, पण तिला हसूच फुटलं. मग हळूच तिने विचारलं, "पहिल्या तारखेचं काय?"

धाकटीने गुंडा काट्यावर ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि पायाने दुसरी खुर्ची ओढली.

"ते राहू दे. शंभर ग्रॅमचा गुंडा हा काटा पंचाण्णव का दाखवतोय? सरका जरा तिकडे."