रेघ कुठवर बुजली?

टार्निट या परदेशी उपनगरात, आमच्या मागच्या कुंपणापलीकडे माझा शेजारी मित्र राहतो. लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी मास्क हनुवटीखाली ओढून सिगरेट पेटवायचा आणि विचारायचा, "काय रे, रेघ कुठवर बुजली?"

मी लॅबमध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशी डिशमध्ये वाढवतो. त्यांच्या थरावर रेघ ओरखडली, की पेशी सरकत येऊन ती बुजवतात. निकोटीन घातलेल्या डिशमध्ये जास्तच लवकर. ऐकून तरी हा सिगरेट सोडेल म्हणून मीच सांगितलं होतं. हा मात्र क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा विचारत राहिला.

रविवारी मी कुंपणावरून त्याला डब्यात थालीपीठ दिलं. एक घास, त्यावर पाण्याचा घोट. पुन्हा घास, पुन्हा घोट.

"पुढच्या वेळी मऊ भात दे यार. हे घशाखाली उतरत नाही."

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

"उद्याच्या उद्या तुझ्या जीपी डॉक्टरला फोन कर!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्याने विचारलं, "निकोटीन बंद केलं तर त्या पेशी थांबतात का रे?"

"वेग कमी होतो," एवढंच मला म्हणवलं.

त्याने उरलेलं थालीपीठ काढून घेतलं, रिकाम्या डब्यात सिगरेटचं पाकीट ठेवलं, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

तेव्हापासून तो रेघेचं विचारत नाही. मीच लॅबमध्ये तासातासाला डिश काढून बघतो.