पहिल्या निरोपाचा नंबर

घड्याळवाल्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि त्यातलं एकही चुकीची वेळ दाखवत नसे. एखादं जरा मागे पडलं की हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठे. बायको म्हणे, माझ्यासाठी कधी एवढ्या लगबगीनं उठला नाहीत. पुढे ती आजारी पडली, तेव्हा मात्र उठला बिचारा. दिवसरात्र उठला.

दुकानामागच्या खोलीत त्याचा दुसरा संसार होता. एक जुना कम्प्युटर आणि टेलिफोनची तार. गावोगावच्या हौशी मंडळींचे असेच कम्प्युटर एकमेकांना फोन लावून निरोप पोचते करत. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याच्या यंत्राने एक नंबर घालायचा. एकदा येऊन गेलेला नंबर पुन्हा दिसला, की पुढच्या यंत्राने तो निरोप न वाचताच टाकून द्यायचा. नाहीतर एकच निरोप फिरून फिरून सगळ्यांचं डोकं उठवणार. घड्याळवाल्याने नंबर पाडायचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. यंत्र सुरू झाल्याची तारीख-वेळ घ्यायची आणि तेव्हापासूनचा हा कितवा निरोप, तो आकडा जोडायचा. त्याचं यंत्र कधी बंदच नसे, त्यामुळे सगळं बिनघोर चाललं होतं.

लेक त्याच्याशी भांडून गेली ती पत्ता, फोन काही न ठेवता. पण बापानेच लावलेला हा नाद तिला सुटला नव्हता. कुठूनतरी या जाळ्यावर येऊन ती वाचून जाई. बापलेकीत एवढाच धागा उरला होता.

बायकोने अंथरूण धरलं ते त्याच खोलीत. यंत्राच्या घरघरीनं तिचा डोळा लागेना, म्हणून तो रोज संध्याकाळी ते बंद करू लागला. यंत्राच्या आतल्या घड्याळाचा सेल कधीचाच संपला होता. त्यामुळे रोज सकाळी यंत्र जागं होई ते त्याच एका जुन्या तारखेला, त्याच क्षणाला. त्याने ते पाहिलं आणि सोडून दिलं. घरात माणूस आजारी असताना तारखेचं काय घेऊन बसायचं? सेलांनी भरलेला खण हाताशीच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यंत्र असं बंद ठेवल्यावरच्या पहिल्याच सकाळी त्याने लेकीला लिहिलं, "आईला जरा बरं नाही. काळजीचं काही नाही, घाई करू नकोस." तिचं उत्तर आलं, सवडीनं येते.

मग डॉक्टरांनी हात टेकले. रोज सकाळी यंत्र लावलं की तो आधी लेकीला लिही. ये. लवकर ये. एकदा तर मान खाली घालून माझं चुकलं असंही लिहिलं, जे त्याने जन्मात कुणाला लिहिलं नव्हतं. उत्तर नाही. बाकीच्यांचे निरोप नेहमीसारखे येत होते, म्हणून यंत्राचा संशय आला नाही. संशय लेकीचा आला. दगड आहे नुसती, असं तो बायकोसमोर बोलून गेला.

"तुमच्यावरच गेलीय," बायको म्हणाली. "लिहीत राहा."

तो लिहीत राहिला, ती दाराकडे बघत राहिली. मग तिने लेकीचं विचारणं सोडलं, आणि त्याला ते विचारण्याहून जड गेलं. लेकीचं तोंड न बघताच ती गेली.

पलीकडच्या गावातले गणिताचे मास्तर या जाळ्यातले त्याचे दोस्त. इतके दिवस गप्प का, म्हणून त्यांनी फोन केला. मी तर रोज लिहितोय, घड्याळवाला म्हणाला. मास्तर चक्रावले. त्यांनी आपल्या यंत्रातली आलेल्या नंबरांची नोंद तपासली आणि परत फोन केला.

"अहो, रोज तोच नंबर येतोय तुमचा, तीच जुनी तारीख-वेळ आणि पुढे एक. आमची यंत्रं जुना निरोप समजून टाकून देतात."

"टाकलेले कुठे असतात?"

"कुठेच नसतात."

म्हणजे लेकीकडे बापाचा शेवटचा शब्द एवढाच होता, घाई करू नकोस.

त्याने खणातून सेल काढून बसवला. भिंतीवर बघून वेळ लावली आणि लिहायला बसला. नंबर नवा कोरा पडला. हा निरोप लेकीला नक्की पोचणार होता, आणि ये म्हणून सांगावं असं त्यात काही उरलं नव्हतं.