बोट समुद्रात असताना पालथं पडू नये

आमच्या घरात पत्त्यांची गड्डी तोंड वर करून ठेवत. पुढचं पान कोणतं येणार हे खेळणाऱ्या सगळ्यांना आधीच दिसायचं. तरीही मी हरायचो, यावरून माझ्या बुद्धीचा अंदाज यावा.

गड्डी पालथी ठेवायला बंदी होती आणि बंदी आईची होती. बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान. बोट पाण्यात असली की घरात एकही वस्तू पालथी पडता कामा नये, नाहीतर तिकडे बोट पालथी होते, हा आईचा कायदा. नारळी पौर्णिमेपासून मे महिना संपेपर्यंत तो लागू असे. आमची घासलेली भांडी तोंड वर करून वाळत, म्हणजे वाळतच नसत. रत्नागिरीतले निम्मे डास आमच्या वाट्यांत जन्मले असं शेजारी म्हणत. मला ते खोटं वाटतं. निम्म्याहून जास्त असणार. एखादं झुरळ उताणं पडून पाय झाडायला लागलं की आई आधी ते सुलटं करायची आणि मग चपलेने मारायची. नंतर चप्पलही सुलटी ठेवायची. घरातल्या पुरुषांनी उताणंच झोपायचं. मी घोरतो त्याला कारण हे आहे, बायको म्हणते ते नाही.

मी या तांडेलाचा एकुलता एक मुलगा, आणि मला समुद्र सोसत नाही. कॅलेंडरावर लाटांचं चित्र आलं की तो महिना मी फाडून टाकायचो आणि सगळं घर एक महिना पुढे जगायचं. म्हणून मी मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागलो. लाद्या यंत्रात घालायच्या, चुरा करायचा, बोटींच्या खणात भरायचा. पोट समुद्रावर चालवायचं, पण पाय जमिनीवर ठेवून.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. खिशातले फोन नुकते कुठे दिसायला लागले होते. आमच्या घरात आणि कारखान्यात अजून तारेचेच होते. हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात माझी मुलगी जन्मली. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून, जणू दोघांचं काही गुपित चाललं होतं. नातेवाइकांनी एकेक तेल सुचवलं. आम्ही सगळी चोळली. पोर इतकी गुळगुळीत झाली की उचलायला दोन माणसं लागत, एक धरायला आणि एक खाली झेलायला. पावलं मात्र होती तशीच राहिली.

शेवटी बायकोने पोर उचलली आणि डॉक्टर गाठले. बायको मंडणगडकडची, डोंगरातली, भातशेतीच्या घरातली. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिला होता तो कड्यावरून, आणि तिथून तो तिला काही विशेष वाटला नव्हता. डॉक्टर घाटावरचे, शांत माणूस. त्यांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पावलं थोडीथोडी बाहेर आणली, टाचेमागची शीर जराशी कापून मोकळी केली, आणि पोर सात महिन्यांची झाली तेव्हा तिला ब्रेस दिला. ब्रेस म्हणजे चामड्याचे दोन इवलेसे बूट, बोटं उघडी, तोंडं बाहेर वळवलेली, आणि दोघांना जोडणारी एक धातूची दांडी. डॉक्टरांनी बजावलं, पहिले काही महिने आंघोळीपुरता तासभर काढायचा, बाकी दिवसरात्र पायात. काढून ठेवलात तर पावलं परत आत वळतील.

पोरीने ती दांडी दोन दिवसांत ताब्यात घेतली. दोन्ही पाय एकदम उचलायचे आणि एकदम आपटायचे. फरशी दणाणली की खालच्या अंगाचा शेजारी दार उघडून कोण आलंय बघायचा. तिला कडेवर घेणाऱ्याच्या बरगड्या शेकत. तिचा पापा घ्यायला वाकलेले माझे एक काका सरळ झाले ते कपाळावर टेंगूळ घेऊनच, आणि त्यानंतर ते पोरीला लांबूनच आशीर्वाद देत. शेजारचं मांजर गाव सोडून गेलं. दाभोळला दिसल्याचं कुणी म्हणालं.

आता कुणालाही वाटेल की असली दांडी बघून जुन्या वळणाची सासू म्हणेल, काढा ते लोखंड, पोरीचे हाल होतायत. आमच्याकडे उलटंच झालं. आमच्या बाजूला लहान होडीच्या एका अंगाला आडव्या काठ्यांनी एक ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. उलांडी असली की होडी सहसा उलटत नाही. आईने ब्रेस पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. पोरीला उलांडी मिळाली होती. आता पोर पालथी पडणार नव्हती.

म्हणजे ब्रेस पायात राहायलाच हवा यावर घरात एकमत होतं. बायकोला तो पावलांसाठी हवा होता, आईला बोटीसाठी. दोघी मिळून असा पहारा देत की डॉक्टरांनी इतर आईबापांना आमचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. त्यांना आतली गोष्ट माहीत नव्हती. ती कळली पुढच्या खेपेला. पोर अजून वळत कशी नाही, तुम्ही तिला पालथी घालता ना, असं त्यांनी विचारलं.

आईने अगदी सहज उत्तर दिलं, “घालणार ना. मासेमारी बंद झाली की.”

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. शेवटी त्यांनी सावकाश समजावून सांगितलं की मूल पालथं पडून मान उचलतं, हातांवर जोर घेतं, त्यातून खांदे आणि पाठ बळावतात. आधीच प्लास्टरमध्ये तिचे दिवस गेलेत. एकदा का ती आपण होऊन वळली की रांगेल, धरून उभी राहील. सगळं त्या एका वळण्यापाशी अडलंय.

घरी येऊन दोघींचा तह झाला. बोट बंदरात असेल तेवढा वेळ पोरीला पालथी घालायची, बोट सुटली की उताणी. अंमलबजावणी माझ्याकडे, कारण कारखान्याच्या खिडकीतून धक्का दिसायचा. बाबांची बोट आत आली की मी फोन फिरवायचो आणि म्हणायचो, “आली, घाला.” बोट बाहेर पडली की, “गेली, उचला.” कारखान्यातल्या नव्या कामगाराला माझा कसलातरी चोरटा धंदा असल्याचा संशय आला आणि तो त्यात भागीदारी मागू लागला.

अडचण अशी की हंगामात बोट बंदरात टिकतच नाही. मासळी उतरवली, डिझेल भरलं, बर्फ भरला की निघाली. तेवढ्यात पोर झोपलेली तरी असायची किंवा तिच्या तोंडात पेज तरी असायची. मग मी माझ्या बाजूने हातभार लावला. बाबांची बोट बर्फाला लागली की आमच्या यंत्राचा पट्टा घसरायचा. फक्त बाबांच्याच बोटीला घसरायचा. बाकीच्या बोटी दक्षिणेला नाटे गावापर्यंत जाऊन जाळी टाकून मोकळ्या होत, आणि बाबा डेकवर कमरेवर हात ठेवून माझ्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभे. त्यांचे शब्द छापण्यासारखे नाहीत; ते ऐकून भरलेला बर्फ वितळायचा आणि पुन्हा भरावा लागायचा, म्हणजे आणखी अर्धा तास. माझ्या मुलीची मान अशी बर्फावर बळावली.

मान उचलायला लागली, कोपरांवर जोर घ्यायला लागली. पण घातली तर पालथी, नाहीतर तासन् तास उताणी, पंख्याकडे बघत, दांडी आपटत. आपण होऊन वळेना. बायको रोज तिच्या कुशीला एक वाटी वाजवायची आणि ती फक्त डोळे वळवायची. बायको बोलायची नाही, पण वाटी जरा जोरात वाजायला लागली होती. पोर चालेल ना, असं तिने मला कधी विचारलं नाही. मीही तिला विचारलं नाही. आम्ही दोघं वाटीचा आवाज ऐकत बसायचो.

मे संपत आला. पावसाळ्यापूर्वीची शेवटची फेरी. दुपारपासून दक्षिणेचा वारा उठला आणि बोटी एकामागून एक आत येऊ लागल्या. आमची येईना. मी खिडकीत उभा राहून संध्याकाळपर्यंत बोटी मोजल्या, प्रत्येक तांडेलाला ओरडून विचारलं, कुणी बाबांना पाहिलं नव्हतं. मग यंत्र बंद केलं आणि घरी गेलो.

आई घरभर फिरत होती. वाट्या, तवे, चपला, सगळं सुलटं आहे ना बघत होती. शेजाऱ्याच्या अंगणातली बादलीही जाऊन सुलटी करून आली. काही उरलं नाही तेव्हा पडवीत पोरीशेजारी येऊन बसली. बायको दाराशी उभी. पोर चटईवर उताणी, तिला वारा आवडला असावा, कारण तिने दोन्ही पाय दांडीसकट वर उचलले. नेहमीसारखी आपटणार म्हणून आम्ही तिघांनीही डोळे मिटून घेतले. आपटली नाही. पाय वर धरून तिने ते हळूच एका अंगाला झुकवले. दांडीचं वजन कलंडलं. दांडीमागे कंबर गेली, कंबरेमागे खांदा, आणि पोर थाडकन पालथी.

जी दांडी तिला उलटू देणार नाही म्हणून आई दोन महिने निर्धास्त होती, त्या दांडीनेच तिला उलटवलं होतं.

आईने झडप घालून तिला उताणी केली. पोरीने पाय उचलले, दांडी कलली, पुन्हा पालथी. आईने पुन्हा फिरवली. पोरीला वाटलं आजी खेळतेय. ती खिदळायला लागली आणि आणखी जोराने उलटायला लागली. एक म्हातारी तिला सुलटी करतेय, एक एवढीशी पोर उलटी होतेय, दोघी घामाने निथळतायत, आणि मी नि बायको मान इकडून तिकडे फिरवत बघतोय. शेवटी बायको पुढे झाली आणि तिने आईचं मनगट धरलं.

“आई, आपण नाही घातली. ती आपली आपण पडली.”

आई थांबली. तिचा हात पोरीच्या पाठीवरच होता.  समुद्राकडे बघतच ती म्हणाली, “मी परकरात होते. हंडा धुवून पालथा घातला होता मी. त्या दिवशी माझा बापूस गेला तो आला नाय.”

मी या घरात जन्मलो, वाढलो, उताणा झोपलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोने मनगट सोडलं. आता आईने पोरीला फिरवली असती तर आम्ही दोघांनीही अडवलं नसतं. पोर मान वर करून, हातांवर रेटा देऊन, सगळ्या जगाकडे पहिल्यांदाच समोरून बघत होती.

“राहू दे,” आई म्हणाली. “हौस फिटू दे तिची.”

आणि ती तशीच बसून राहिली, पोर पालथी, बोट बाहेर, हात पाठीवर.

दिवेलागणीला बोट आली. दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत आणली होती. बोटीच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं. बाबा आले ते जाळ्याला शिव्या देतच, आणि पडवीत पालथी पोर बघून शिवी अर्धीच राहिली. त्यांनी आईकडे पाहिलं, ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. बाबा पोरीशेजारी उकिडवे बसले, तिच्या बुटांचे तळ बोटाने वाजवून बघितले.

“होडीचा तळ बघायचा तर ती पालथीच घालावी लागते,” असं म्हणून ते माझ्याकडे वळले. “आणि तू तो पट्टा आता बदल.”

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर, कायदा स्थगित, आणि पोर सुटली. डॉक्टरांनी ब्रेस आता झोपेपुरता ठेवला. दिवसा ती मोकळ्या पायांनी रांगे, पण झोपेआधी आणि झोपेनंतर बूट पायात असताना तिचा खरा जोर. दांडी फरशीवर घासत ती घरभर फिरायची आणि फरशीवर तिच्यामागे दोन रेघा उमटत. पाहुण्यांना आम्ही ती नक्षी असल्याचं सांगत असू. आता राहिलं होतं उभं राहणं. धरायला जाई ते निसटायचं. खुर्ची सरकायची, बादली कलंडायची, माझी पँट खाली यायची. दांडीने पाय फाकलेले असल्यामुळे तिला धरायला काहीतरी बुटकं, जड आणि न हलणारं हवं होतं. बाबा म्हणाले, मीच बसतो. पण नारळी पौर्णिमा झाली आणि बाबा बोट घेऊन गेले.

त्याच आठवड्यात कारखान्यातला फोन वाजला. एरवी मी घरी फोन करायचो. घरून फोन यायची ही पहिलीच वेळ. मी यंत्र तसंच सोडून धावलो. पलीकडे आई होती, आणि तिच्या मागे कुणीतरी पितळेचं काहीतरी दणादणा बडवत होतं.

“पोर उभी राहिलीय,” आई म्हणाली. “झोपेतून उठली ती बुटांसकट उभी. पाय फाकवून, तांडेलासारखी. हंड्याला धरून.”

“हंडा कलंडेल ना,” मी म्हणालो.

“नाय कलंडत. पालथा घातलाय.”

मला वाटलं मी खिडकीतून चुकीचं बघतोय. धक्का रिकामा होता. बाबांची बोट पहाटेच गेली होती.

“आई, बोट बाहेर आहे.”

“माहीत हाय मला,” आई म्हणाली, “पण पोरीला धरायला कायतरी हवं ना. ठेव आता.”

मी परत आलो तर यंत्राचा पट्टा घसरून पडला होता आणि धक्क्यावर चार तांडेल कमरेवर हात ठेवून उभे होते. मी शपथेवर सांगितलं की या वेळी तो आपला आपण घसरला. कुणीही विश्वास ठेवला नाही.