सॉक्समधली शिराझ

रिकाम्या बाटल्या भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र कोणी नेत नाही. आमच्या पनवेलच्या वाईन ग्रुपचे तर इतके साठलेत की विचारू नका!

पहिलं ब्लाइंड टेस्टिंग माझ्याच घरी झालं. सहा कंपन्यांची शिराझ, म्हणजे एकाच जातीच्या द्राक्षाची रेड वाईन, आणली होती. लेबलं दिसू नयेत म्हणून बाटल्यांना माझे सॉक्स घातले. ग्रुपमधल्या, ओवे गावच्या नानाभाऊंनी बाटली जवळ घेतली, मान मागे नेली आणि विचारलं, "सॉक्स धुतलंय ना?"

*

नानाभाऊंना मूळ कल्पनाच पटेना. "द्राक्षं एकच हाय, मंग वलखायचं काय?"

आमच्यातला प्रकाश म्हणाला, "नाना, एका आईची पोरं सारखी असतात का?"

नानाभाऊंच्या घरी दोन मुलगे. "पटला!" म्हणाले आणि ग्लास पुढे केला.

*

चव घेऊन थुंकायला मी मोठं पातेलं ठेवलं होतं. नानाभाऊंनी त्यात शेंगांची टरफलं टाकली. "थुकायचं हाय तर प्यायचं कशाला?"

*

प्रकाश म्हणजे आमच्या ग्रुपचं नाक! नुसता वास घेऊन बाटली ओळखायचा. मग तो आजारी पडला, बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. त्याची बायको, वैशालीवहिनी, सांगायच्या, "हे हल्ली जेवतात, पण काय जेवले ते यांना कळतच नाही."

परवा वहिनींना घेऊन माझ्याकडे आला तोच म्हणाला, "आजचं शेवटचं. यापुढे फक्त बाटल्यांना सॉक्स घालायला येईन."

कोणालाच हसू आलं नाही.

*

टेस्टिंग सुरू झालं. प्रकाशने सवयीने तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याला करपल्याचा वास आहे."

आम्ही सगळ्यांनी हुंगलं. तसलं काही नव्हतं. पण त्याचं मन कसं मोडणार? मी म्हटलं, "हो रे, जरासा आहे खरा!"

नानाभाऊंना खोटं जमत नाही. "नाय रं प्रकाश. कायच नाय."

प्रकाशने ग्लास खाली ठेवला. पुन्हा हवेत वास घेतला. "ग्लासात नाही, नाना. आत बघा कोणीतरी!"

मी स्वयंपाकघरात धावलो. मंद गॅसवरचं मटण तळाला लागलं होतं. पातेलं तसंच उचलून बाहेर आणलं.

नानाभाऊ आत डोकावले आणि कबड्डी जिंकल्यासारखे ओरडले, "करपलाय! करपलाय!"

मी वरचं चांगलं मटण वाढायला घेतलं, तर वैशालीवहिनींनी डोळे पुसत माझ्या हातातला डाव ओढून घेतला.

"थांबा! ह्यांना तळाचंच वाढते!"