बारमाही पाण्याचं टाकं

माझा स्वभाव संशयी आहे. घरचे म्हणतात, हा दुधवाल्याचं मापसुद्धा दोनदा बघतो. नगरच्या आमच्या ट्रेकिंग क्लबात मात्र या स्वभावाला मान होता, कारण नवे लीडर तपासायचं काम माझ्याकडे होतं. नियम साधा. लीडर व्हायचं असेल त्यानं ट्रेकच्या आधी स्वतः वाट चालून यायचं आणि अहवाल लिहायचा: फाटे कुठं, पाणी कुठं, वेळ किती. त्या कागदाच्या भरवशावर पुढं तीस माणसं डोंगर चढतात.

गेल्या हिवाळ्यात देवळाली प्रवऱ्याच्या एका शिक्षिकेला आम्ही अकोले तालुक्यातल्या एका गडाची मागची वाट दिली. त्या वाटेनं क्लब कधी गेलाच नव्हता. फाइलीत फक्त माझा बारा वर्षांपूर्वीचा अहवाल होता. त्यावरच मी लीडर झालो, पण तो ट्रेक पुढं बारगळला.

तिचा अहवाल वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या कागदावर माथ्यावरच्या देवळाच्या डाव्या हाताला बारमाही पाण्याचं टाकं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘टाकं मला सापडलं नाही. पाणी खालूनच न्यावं.’ माथ्याचे फोटो दोनच, तेही कुणाकडूनही मागून घेता येतील असे. बाई अर्ध्या वाटेतून परतली आणि घरी बसून कागद भरला, असं मी ठरवूनच टाकलं. फोन केला.

“टाकं नीट शोधलं का?”

“शोधलं, सर.” मग तिनंच विचारलं, “तुम्हाला नक्की आठवतंय ना?”

मला तो आगाऊपणा वाटला. रविवारच्या बैठकीत तिला नापास करायचं, पण हातात पुरावा हवा, म्हणून गुरुवारी कुणाला न सांगता मी एसटीनं निघालो.

वाटेवरचं शेवटचं घर मी लांबूनच ओळखलं. अंगणात एक म्हातारी शेंगा निवडत होती. मी शिक्षिकेचं वर्णन सांगितलं.

“आली व्हती की. दोनदा आली. पयल्यांदा लई धुकं व्हतं म्हनून माघारी गेली. पुढच्या आठवड्यात परत आली, पार वर जाऊन आली.”

“वर टाकं आहे ना?”

“टाकं न्हाई. पानी म्हंजे ही हिर.” मग ती माझ्याकडं बघत राहिली. “तिनंबी हेच इचारलं. तुमच्यातलं आदी कुनी आलतं का म्हनून. म्हनलं, एक सायेब आलते, बारा वर्सं झाली आसतील. धुकं व्हतं. ह्याच पडवीत बसून ताक पिले आन् हितूनच माघारी गेले. तुमीच का वं ते?”

मीच होतो. टाक्याची गोष्ट परतीच्या एसटीत शेजारच्या माणसानं सांगितली होती, कुठल्या गडाची ते मी विचारलंसुद्धा नव्हतं. पण बारा वर्षांत ते टाकं मला स्वतः पाहिल्यासारखंच वाटू लागलं होतं. मला भयंकर लाज वाटली. मी इथूनच परतलो होतो हे तिला कळलं होतं, तरी तिनं ‘टाकं नाही’ असं लिहिलं नाही, ‘मला सापडलं नाही’ लिहिलं. म्हातारीनं ताक दिलं. मी ते पिऊन त्या दिवशीही पडवीतूनच परतलो.

रविवारी बैठकीत अध्यक्षांनी दोन्ही अहवाल समोर ठेवले. “यातला खरा कुठला?”

“त्यांचा,” मी म्हणालो. “मी वर गेलोच नव्हतो.”

अध्यक्षांनी माझा कागद बाजूला ठेवला. शिक्षिका मान खाली घालून ट्रेकची यादी लिहीत होती. सर्वात शेवटी चालणाऱ्याच्या जागी तिनं माझं नाव घातलं.

“सर, मागं तुम्ही राहा,” ती म्हणाली. “तुम्ही माथ्यावर पोचलात की मगच मी माणसं मोजीन.”